गप्पला एक काना

आधीच सांगून टाकतो. ह्या लिखाणातलं निम्मं मी वाढवून सांगितलेलं आहे. कुठलं निम्मं, ते तुम्ही ओळखायचं. पण आजाराबद्दल जे आहे त्यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. आजार मुळातच पुरेसा वाढलेला होता.

हे लिहितोय ते खाटेवर पडलेल्यांसाठी. ज्यांच्या उशाशी पाहुणे येऊन चार मोसंबी ठेवतात, "देवाची इच्छा" म्हणून उसासा टाकतात आणि जाताना दारातच हात धुतात, त्यांच्यासाठी. मोसंबी खा. उसासा पाहुण्याच्या पिशवीत परत घाला.

घसा

माझं नाव शमुवेल. ह्या नावानं रहिमतपुरात विचाराल तर पोस्टमनही मान हलवील. शामू दवंडीवाला म्हणा, कुत्रंसुद्धा तुम्हाला घरापर्यंत आणून सोडेल. गावची दवंडी आमच्या घरात आज्यापासून. आज्यानं मिशनच्या पाळकाकडून बाप्तिस्मा घेतला, देव बदलला. हलगी बदलली नाही. रविवारी मिशनच्या देवळात गीतांना तीच हलगी आणि सोमवारी चौकात घरपट्टीलाही तीच.

आणि माझा आवाज! मी वेशीत उभा राहून "ऐका हो ऐका" म्हटलं की कोरेगावच्या बाजारात बैलांचे सौदे थांबायचे. एकदा पुण्याहून येताना आमच्याकडच्या खंडाळ्याच्या पुढं घाटात आमची मोटार बंद पडली. वेळ जाईना म्हणून मी दरीत एक हाक टाकली. ती परत येईचना. मोटार सुरू झाली, मी घरी आलो. तिसऱ्या दिवशी भाकरी खात बसलो होतो तर दारातून आवाज, "ऐका हो..." माझीच हाक, घाटातून चालत आलेली, दमलेली.

हे बायकोला विचाराल तर ती म्हणेल, असं काही झालं नाही. बायकोत तेवढा एक दोष आहे. ती खरं बोलते.

तिचं नाव सुवार्ता. मी तिला पाहायला गेलो तेव्हा माझ्या मामानं विचारलं, "मुलगी शिकलीय का?" तिचा बाप घसा खाकरून काहीतरी मोठं सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "चवथीत दोनदा नापास हाय." तिथल्या तिथं मी होकार दिला. म्हटलं, घरात एक तरी माणूस असं हवं, की ज्याचं ऐकून घड्याळ लावता येईल.

पान

भादव्यात आवाज बसला. दवंडीवाल्याचा आवाज बसणं म्हणजे लोहाराची भट्टी विझणं. हळद झाली, ज्येष्ठमध झालं, बेहडा झाला. खोकला काही जाईना. मग एका सकाळी ओढ्याकाठी तोंड धुताना खोकला आला, आणि दगडावर पडलं ते लाल होतं.

मी इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. दगडावर पाणी ओतलं आणि सरळ पानाच्या ठेल्यावर गेलो.

आमच्या मंडळीत पान खाणारा म्हणजे अर्धा गेलेला माणूस. मी जन्मात खाल्लं नव्हतं. त्या दिवसापासून दिवसाला आठ-दहा खायला लागलो. लालात लाल मिसळून जावं, एवढ्यासाठी. देवळाचे पंच, त्यांना सगळे एलियाकाका म्हणतात, त्यांनी उपासनेनंतर मला अडवलं. "शामू, तोंडाची ही काय दशा?" मी खाली मान घातली. लोकांनी मला पापी म्हणावं, पण रोगी म्हणू नये, असं माझं शहाणपण. पाप्याला लोक उपदेश करतात. क्षयाच्या रोग्याची गल्ली सोडतात. आणि दवंडीही दुसऱ्याकडं जाते.

आता कबूल करायचं तर पुरतं करतो. आमची करुणा तेव्हा सहा वर्षांची. ती माझ्या ताटात जेवायची. मी तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर सुवार्तेनं कारण विचारलं असतं.

गप्पा मी जन्मभर मारल्या, त्याची मला लाज नाही. गप्प मारताना सांगणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, दोघं मिळून ती उडवतात, पतंगासारखी. खोटं मात्र एकट्यालाच ठाऊक असतं. ते पान हे माझं खोटं होतं.

आरसा

दिवाळी झाली आणि सुवार्ता एका सकाळी म्हणाली, "आवं, सांगलीकडं जायाला पायजे. माझी भन दवाखान्यात हाय."

"कोन, सोनाबाई? काय झालं तिला?"

"छातीचं हाय म्हनं."

झालं. करुणेला शेजारी ठेवली, आगगाडीत बसलो. मिशनचा मोठा दवाखाना, लांबच लांब व्हरांडा, बाकड्यांवर माणसं. सुवार्ता खिडकीशी गेली, काहीतरी बोलली आणि परत आली. "सोनाबाईला कालच घरी सोडलंया. आता आलोच हाय तर तुमचा घसा तरी दावा. एवढ्या लांबनं आलोय."

मला वाटलं, बरोबर आहे, एवढ्या लांबनं आलोय.

डॉक्टरच्या कपाळावर गोल आरसा. त्यानं माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, एवढी की तिचं टोक मला स्वतःला दिसलं. मग दुसरा छोटा आरसा घशात घातला, आणि बराच वेळ बोलला नाही. कमी बोलणारा डॉक्टर वाईट. त्यानं छातीचा फोटो काढायला लावला. थुंकी तपासायला घेतली. तीन दिवसांनी समोर बसवलं.

"क्षय आहे. छातीत आहे आणि आवाजाच्या पडद्यांवरही आहे. सुया, गोळ्या, पुड्या, सगळं मिळेल. बरा होशील. पण आजपासून सहा महिने बोलायचं नाही."

"हळू बोललं तर—"

"कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजणं जास्त वाईट."

"आनि परार्थना?" मी विचारलं. हा माझा त्या सहा महिन्यांतला शेवटून दुसरा प्रश्न.

"मनात कर. देवाला ऐकू येतं."

"न्हाई ऐकलं तर?" म्हणजे, आवाज परत येईल ना, असं मला विचारायचं होतं. डॉक्टरला ते कळलं असावं. तो म्हणाला, "येईल असं सांगत नाही. पण बोललास तर येणार नाही, हे नक्की सांगतो."

बाहेर येऊन मी सुवार्तेकडं पाहिलं. ती बाकड्यावर ताठ बसली होती, जणू आतलं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "ऱ्हावा हितंच. दवंडीचं मी बगते."

दोन फोटो

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरनं सांगितलं, घरातल्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढा. सुवार्ता करुणेला घेऊन आली. काढून परत गेली. निकाल चार दिवसांनी.

ते चार दिवस मी लिहू शकत नाही. मला गोष्ट फुगवून सांगता येते, आणि ती भीती फुगवायला जागाच नव्हती. ती आधीच छताला टेकलेली. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. माझ्या डोळ्यांपुढं यायचं एक ताट, आणि त्यात दोन हात.

देवाशी मी त्या चार दिवसांत भांडलो. मनातल्या मनात, पण गावाला ऐकू जाईल असं. म्हटलं, माझा घसा घे. आत्ताच घे, कापून घे. पण त्या पोरीच्या छातीत बोट घालायचं नाही. बरं, हे नमतं घेणं नव्हतं. माझी दवंडी होती ती. ऐका हो ऐका, आभाळातल्या सर्व संबंधितांना कळवण्यात येतं की.

चौथ्या दिवशी सिस्टर आली. तिचं नाव रत्नप्रभा, डोक्यावर कांजीची कडक टोपी, चेहरा त्याहून कडक. दोन फोटो उजेडाला धरून म्हणाली, "दोघींच्याही छात्या स्वच्छ आहेत." मी तिचे पाय धरायला वाकलो. ती मागं सरकली. "पडून राहायचं सांगितलंय ना?"

पाटी

वॉर्डात बारा खाटा. माझ्या खाटेवर सिस्टरनं पुठ्ठ्याची पाटी टांगली आणि खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: गप्प. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं ह्या माणसाला बोलतं करू नये. बोलायला मला एक दगडी पाटी दिली, पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची.

त्या पुठ्ठ्याकडं मी दोन दिवस पाहिलं. गप्प. अरे, माझ्या बापाच्या बापानं हलगी वाजवून गावं उठवली, आणि माझ्या उशाशी हे? तिसऱ्या दिवशी सकाळी खडू घेतला, हात वर केला आणि त्या शब्दाच्या शेवटी एक काना दिला. गप्पा.

सिस्टरनं आल्या आल्या पुसला. दुसऱ्या दिवशी मी परत दिला. तिनं परत पुसला. महिनोन्महिने हेच. ती एक शब्द बोलली नाही, मलाही बोलता येत नव्हतं. पण तिला रोज सकाळी फडकं घेऊनच आत यावं लागे.

शेजारच्या खाटेवर हवालदार होता, वाळव्याकडचा, उसाच्या घरातला. पलटणीत अठरा वर्षं काढून छातीत क्षय घेऊन आलेला. मिशा एवढ्या की एक्स-रेत त्यांचीही सावली पडायची. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "गड्या, नुस्ता डोळं वटारून काय पडलाईस? लिव की कायतरी. मी वाचतो."

मी पाटीवर लिहिलं, "आटपाडीला माझी मावशी राहते."

हवालदारानं खड्या आवाजात वॉर्डाला वाचून दाखवलं, "आटपाडीला ह्याची मावशी ऱ्हाती! फुडं?"

पाटी भरली होती. पुसून लिहिलं, "तिकडं पाऊस एवढा कमी, की छत्री लग्नात दागिन्यांत मांडतात."

वॉर्ड हसला. हसता हसता खोकला. सिस्टर धावत आली.

तेव्हा मला कळलं की पाटी ही वाईट वस्तू आहे. चौकात मी एका म्हशीवर अर्धा तास बोलायचो. पाटीवर म्हैस आली की तिचं शेपूट चौकटीबाहेर. एवढ्याशा जागेत वाढवून सांगता येत नाही; कामाचं तेवढंच मावतं. महिन्याभरात मी असली वाक्यं लिहायला लागलो, की वाचून माझा मलाच संशय आला. "आज भूक लागली." "हवालदार, तुम्ही घाबरलात का?" "मीही."

एक वाक्य मात्र मी पाटीवर लिहिलं नाही. पानाचं. सुवार्ता महिन्यातून एकदा यायची, खाटेशी बसायची, अंडी आणायची. खडू हातात असायचा. पण पाटीवरचं लिहिलेलं फडक्यानं पुसता येतं, आणि हे पुसता येणाऱ्या जागी लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पहिला शब्द परत मिळाला तर तो त्यासाठी. आणि नाही मिळाला तर? तर ते माझ्याबरोबर मातीत. त्या दिवसापासून माझा आवाज परत येणं ही दवंडीची गोष्ट राहिली नाही.

सुवार्तेची दवंडी

तिकडं रहिमतपुरात काय चाललंय ते मला बाजाराला आलेल्या माणसांकडून कळायचं. सुवार्ता पहिल्या दिवशी हलगी गळ्यात अडकवून चौकात उभी राहिली. पोरं मागं. चावडीपाशी बसलेला एक जण ओरडला, "नवऱ्याचा घसा ग्येला आन् बायकूला फुटला जनू!"

ती थांबली म्हणे. म्हणाली, "व्हय. नवऱ्याला क्षय झालाय. सांगलीकडं दवाखान्यात हाय. तुमास्नी खोकला आसंल तर तुमी बी जावा. आता दवंडी ऐका."

मी हे ऐकलं आणि पांघरुणात तोंड घातलं. जे लपवायला मी दोन महिने जीभ लाल केली, ते हिनं भर चौकात हलगी वाजवून सांगितलं. गाव पळालं का? चार घरं पळाली. बाकीचं गाव तिथंच राहिलं. पहिल्या आठवड्यातच तिघे जण छाती दाखवायला आले, त्यातला एक तोच, चावडीवाला.

मी म्हशींची दवंडी द्यायचो तेव्हा सांगायचो, "मोकाट म्हैस सापडली तर मालकाला कोंडवाड्यात घालू आणि म्हशीला घरी सोडू!" लोक पोट धरून हसायचे, म्हशी मोकाटच. सुवार्ता म्हणाली, "म्हशी बांधा." लोकांनी बांधल्या. देवीची लस टोचायला माणूस येणार तेव्हा मी एकदा म्हटलं होतं की लस टोचून घेतलेल्याला विंचूही चावत नाही. कोणी आलं नाही. ती म्हणाली, "दुकतंय. पर टोचून घ्या." रांग लागली.

मला अभिमान वाटला. आणि अंगाचा तिळपापडही झाला. दोन्ही.

एलियाकाका

नाताळच्या आदल्या आठवड्यात एलियाकाका भेटायला आले. मोसंबी ठेवली. खाटेपासून चार हात लांब स्टूल ओढलं. डोळे मिटून मोठी प्रार्थना केली, माझ्यासाठी, माझ्या पानासाठी, माझ्या तोंडासाठी. मग डोळे उघडून म्हणाले, "शामू, वाईट वाटून घेऊ नगंस. तू लय वाढवून बोलायचास. देवानं तुजं त्वांड बंद केलं. शास्तरात त्या देवळातल्या म्हाताऱ्या याजकाचं केलं हुतं तसंच. लेकरू व्हईल म्हून देवदूतानं सांगितलं, इश्वास ठेवला न्हाई आन् वाचा गेली त्याची."

हवालदार उठून बसला. त्याला आमचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण कोणी कोणाला तोफेच्या तोंडी देतंय हे त्याला पाहताच कळायचं.

मी पाटी घेतली. लिहिलं. हवालदारानं वाचलं, "त्या याजकाची वाचा लेकरू जन्मंपातूर ग्येली हुती. म्हंजी नऊ म्हैनं. मला डाक्टरनं सा सांगितल्यात. तवा देवाचा राग माझ्यावर तीन म्हैन्यांनी कमीच हाय, काका."

वॉर्डात कोणीतरी फुस्सकन हसलं. काका लाल झाले. "थट्टा करतुयास? देवाची?"

मी पुसलं. आता खडू दाबून धरला, रागानं. लिहिलं, आणि ह्या वेळी पाटी पुरली.

"करुणेच्या बालवर्गातली पोर, पाखरीण, गेली. पाच वर्षांची. तिनं किती वाढवून सांगितलं होतं?"

हवालदारानं ते मोठ्यानं वाचलं नाही. पाटी काकांपुढं धरली फक्त.

काकांनी वाचलं. तिच्या शवपेटीला खांदा त्यांनीच दिला होता. ते उठले. मग स्टूल उचललं आणि खाटेजवळ आणून ठेवलं, अगदी जवळ. माझा हात धरला. "मला ठावं न्हाई, शामू," म्हणाले. पंच झाल्यापासून ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. जाताना हात न धुताच गेले. सिस्टरनं हाका मारून परत बोलावून धुवायला लावले.

शेवगा

माझ्या खिडकीबाहेर शेवग्याचं झाड होतं. माघात ते फुललं. मी खाटेवर चित पडून ते पाहायचो; दुपारी दोन तास हलायचं नाही असा नियम. कानात सुयांमुळं रातकिड्यांसारखी किरकिर, आणि समोर ते झाड.

आता बघा. शेवग्याला शेंगा धरायला फुलं किती लागतात? दहा-वीस. त्या झाडावर पान दिसत नव्हतं एवढी फुलं. निम्मी वाऱ्यानं गळून खाली सडा. मुंग्यांसाठी. कोणीही मागितली नव्हती. गुऱ्हाळ दोन मैलांवर, आणि त्या गुळाचा वास बारा क्षयरोग्यांच्या नाकापर्यंत, फुकट. सकाळी सिस्टर पुड्यांचं पाणी आणायची, ते एवढं कडू की कारलं त्याच्यापुढं पेढा. पण त्या पांढऱ्या टमरेलावर ऊन पडलं की छतावर उजेडाचा एक मासा पोहायचा.

कामापुरतं जग करायचं असतं तर एक फूल, एक मासा, एक तारा पुरला असता. पण नाही. मी पडल्या पडल्या हसलो. पाटी ओढली आणि हवालदारासाठी लिहिलं: "देवही वाढवूनच सांगतो."

त्यानं वाचलं, खिडकीतून पाहिलं आणि मिशा कुरवाळल्या. "मंग तू कुनाच्या घरान्यातला ते आज कळलं, गड्या."

त्याच आठवड्यात समोरची नऊ नंबरची खाट रिकामी झाली. जतकडचा मास्तर होता, शांत माणूस. दुपारी त्याला नेलं आणि गादी उन्हात टाकली. वॉर्डात सगळेच माझ्यासारखे गप्प. माझी बोटं आपोआप खाटेच्या लोखंडी पट्टीवर वाजायला लागली, हलगीचा संथ ठेका, मयतीच्या पुढं वाजवतात तो. सिस्टर दारात आली. मला वाटलं आता ओरडणार. ती टोपी नीट करत ठेका संपेपर्यंत उभी राहिली. मग पुढं येऊन पाठ फिरवून पुठ्ठ्यावरचा काना पुसायला हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. त्या दिवशी तो राहिला.

मास्तर गेला आणि मी राहिलो, ह्याचा अर्थ मला लागलेला नाही. जो लावून देईल त्याला मी मोसंबी देतो आणि वाटेला लावतो. देवाचं असणं मी मानतो. त्याचे वकील मानत नाही.

पहिला शब्द

वैशाखात सहा महिने भरले. डॉक्टर कपाळावर आरसा लावून वॉर्डातच आला. सुवार्ता आली होती. हवालदारानं पैज लावली होती, उकडलेल्या अंड्याची: शामूचा पहिला शब्द "ऐका". खाट नंबर चारनं "पाणी"वर अंडं लावलं. सिस्टर पैजेत नव्हती, पण तीही थांबली.

जीभ ओढली. आरसा गेला. माझ्या छातीत हलगी.

"बोल," तो म्हणाला.

बारा खाटांवर कोणी खोकलं नाही. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. समजा काही आलंच नाही तर? सहा महिने जपून ठेवलेलं ते आत तसंच राहणार. मी सुवार्तेकडं वळलो. घशातून जे निघालं ते ओल्या लाकडात करवत चालावी तसं. फाटकं, घोगरं, अर्धं वारंच. पण शब्द होते.

"ते... पान न्हवतं."

वॉर्डाला काही कळलं नाही. हवालदार पुटपुटला, "पान? कुठलं पान?"

सुवार्तेनं पदर तोंडाशी नेला नाही, डोळे पुसले नाहीत. ती माझ्याकडं सरळ पाहत म्हणाली, "ठावं हाय मला. पान खानाऱ्याचं व्हट लाल व्हत्यात, सदऱ्याची बाही न्हाई. धुतंय कोन ती?" मग पदर खोचून म्हणाली, "माझी भन बी आजारी न्हवती."

मला कळायला वेळ लागला. सोनाबाई. दवाखान्याची खिडकी. कालच घरी सोडलंया. जिच्यावरून घड्याळ लावायचं, तिनं आगगाडीभर आणि व्हरांडाभर खोटं रेटलं होतं, आणि मी, तालुक्यातला सगळ्यात मोठा गप्पिष्ट, सहा महिने ते खरं धरून चाललो होतो.

"तू... खोटं..."

"व्हय. येकदाच बोलले," ती म्हणाली. "सरळ इचारलं आसतं तर तुमी हाक घाटात पाटवली आसती."

मी हसलो. घोगऱ्या आवाजात, दुखेपर्यंत. डॉक्टर म्हणाला, पुरे. सिस्टर पुढं आली, पुठ्ठा खाली काढला, आणि त्यावर पुसलेल्या कान्यांचा पांढरा डाग होता तिथं स्वतःच्या हातानं ठळक काना ओढून तो माझ्या हातात दिला. "घरी घेऊन जा," म्हणाली. "माझं फडकं झिजलं."

अंडी दोन्ही सिस्टरनं जप्त केली.

चौकात

आवाज एवढाच आला, आणि एवढाच राहणार, असं डॉक्टरनं पुढं सांगितलं. माणसाशी बोलता येतं. चौकात नाही. कोरेगावचे बैल आता निवांत विकले जातात.

गावी आल्यावर पहिल्या बाजारादिवशी आम्ही दोघं निघालो. हलगी माझ्या गळ्यात, दवंडी तिच्या तोंडी. पाठीमागं पोरं. करुणा घरून माझं ताट वेगळं मांडून आली होती आणि सगळ्यांना ते सांगत होती. चावडीपाशी तोच माणूस बसला होता, आता छातीसाठी सुया घेणारा.

"काय रं शामू," तो म्हणाला, "बाई वरडती आन् तू गप्प?"

मी उत्तर द्यायला घसा साफ करत होतो. तेवढ्यात सुवार्ता ओरडली, "ऐका हो ऐका! उद्यापासनं मोकाट म्हशी कोंडवाड्यात! बांधून घाला!" आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, क्षणभर थांबून, माझ्याकडं न बघता तिनं पुढं जोडलं, "न्हाईतर म्हशी तुमास्नी बांधून घालतील!"

चौक हसून हसून आडवा झाला. मी हलगीवर थाप दिली, पुढं झालो, आणि त्या चावडीवाल्याच्या कानाशी तोंड नेऊन माझ्या त्या फाटक्या आवाजात सांगितलं, "मी गप्पच हाय, गड्या. काना तिला दिलाय."